हरलेल्याच्या पंगतीला पंच

आधी नाना आणि अक्का. माझं मागनं.

आई म्हणायची, ज्याचं मीठ खाल्लं त्याचं आधी सांगावं, आपलं रडगाणं नंतर. म्हणून सांगतो. दोंडाईच्याजवळच्या एका जिनिंग मिलमध्ये नाना मिस्तरी आहेत. अक्का त्यांची बायको. दोघंही माझे कुणी लागत नाहीत. मी कोल्हापूरचा. नववीत शाळा सोडली, कारण वडलांची छाती फाउंड्रीच्या धुरानं गेली होती आणि घरात दोन पोरांपैकी एकानं कामाला लागायचं होतं. धाकटा चेंडू चांगला खेळायचा, मी बरा. म्हणून मी लागलो. एका फिटरच्या हाताखाली मशीन बसवायला खानदेशात आलो. मशीन बसली, फिटर परत गेला, मला मात्र मिलवाल्यांनी ठेवून घेतलं.

पहिल्याच हंगामात मला कावीळ झाली. मिलच्या पत्र्याच्या खोलीत पडून होतो. नाना आले, डोळे बघितले, मोटरसायकलच्या मागं बसवून घरी घेऊन गेले. पुढच्या खोलीत खाट टाकली. अक्कांनी महिनाभर बिनतेलाचं शिजवून घातलं. रोज संध्याकाळी त्या माझ्या फोनवरनं आईशी बोलायच्या. अक्कांची अहिराणी आईला कळायची नाही, आईचं कोल्हापुरी अक्कांना कळायचं नाही, तरी अर्धा तास बोलणं चालायचं. एकदा मी विचारलं, काय बोलला एवढं? अक्का म्हणाल्या, तुझी आई रडत होती, मी पण रडले, अजून काय बोलायचं असतं.

हे लिहायला घेतलं तेव्हा वाटलं होतं की सरळ धाकट्याच्या सामन्यातल्या त्या पेनल्टीचं लिहावं. पण नाना नसते तर ती पेनल्टी माझ्या एकट्याच्या अंगावर पडली असती आणि मी आज काय अवस्थेत असतो, ठाऊक नाही. मी जरा भित्रा माणूस आहे. फोन वाजला की मी आधी तो उलटा ठेवतो, मग नाव बघतो.

कोल्हापूरचा म्हटल्यावर नानांनी पहिल्या दिवशी मला वरपासनं खालपर्यंत बघितलं होतं. नाना तरुणपणी कुस्ती खेळायचे, पुढं आसपासच्या यात्रांत आखाड्याला पंच म्हणून जायचे. कोल्हापूर म्हणजे त्यांच्या लेखी तालमी आणि लाल माती. समोर मी, हा असा काडीपैलवान.

"कोल्हापूरना शे, आनि पहिलवान नही?" ते म्हणाले. तेव्हापासनं मिलमध्ये माझं नाव पहिलवानच पडलं. पहिलवान, बेल्ट बघ. पहिलवान, सरकी अडकली. हमालसुद्धा तसंच म्हणायचे आणि हसायचे.

मी नानांना सांगितलं की आमच्याकडं तालमीच्याच फुटबॉलच्या टीम असतात. पेठेची अब्रू आता मातीत नाही, मैदानात असते. हजारो माणसं येतात, आज्ज्यासुद्धा गॅलरीतनं शिव्या देतात. नानांना हे पटलं नाही. तालमीतली पोरं चेंडूमागं धावतात, हे त्यांना कुणाच्यातरी घरात वाईट घडल्यासारखं वाटलं. पण माझा धाकटा भाऊ त्यातच पुढं गेला, दक्षिणेतल्या एका शहराच्या क्लबात व्यावसायिक म्हणून लागला, हे कळल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, त्याला दूध-तूप मिळतं का तिथं?

तो क्लब देशातल्या दुसऱ्या पायरीच्या लीगमध्ये. वरच्या लीगचे सामने टीव्हीवर दहा कॅमेऱ्यांनी दिसतात. आमचे फोनवर दिसायचे, एका कॅमेऱ्यातनं, तोही गॅलरीच्या टोकावर ठेवलेला. माणसं सरकीएवढी. धाकटा डाव्या बाजूचा बचावपटू. त्याला मी चालीवरनं ओळखायचो. लहानपणी पाय मुरगळला होता, त्यानं वळताना उजवा खांदा जरा खाली जातो.

सामने बहुतेक दुपारी. मिल चालू असली तर मी कापसाच्या गंजीआड फोन उभा करून बघायचो, आणि नाना मला ओरडायला यायचे आणि तिथंच बसायचे. असे ते अडकले. आधी त्यांना सगळंच चुकीचं वाटायचं. ऑफसाइड समजावताना माझा घसा बसला. माणूस पुढं उभा आहे, त्यानं कुणाला हात लावला नाही, चेंडूला लावला नाही, तर गुन्हा कसला? ते एक त्यांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही. पेनल्टी मात्र त्यांना लगेच कळली. गोलाजवळ धरपकड केली तर मोठी शिक्षा. हे कुस्तीसारखंच आहे म्हणाले, फक्त निकाल देणारा फार लांब उभा राहतो.

आणि तीच आमच्या त्या हंगामाची कहाणी होती. एका सामन्यात आमच्या पुढच्या पोराचा शर्ट मागनं इतका ओढला की तो गळ्यापाशी फाटला. रेफ्रीनं शर्ट बदलायला बाहेर पाठवलं, पेनल्टी दिली नाही. दुसऱ्यात आमच्या पोरानं मारलेला चेंडू रेषेच्या आत पडला होता, ते समोरच्या गोलकीपरवरनंच कळत होतं, तो मान वळवून जाळीकडं बघत होता. गोल दिला नाही. तिसऱ्यात आमच्याविरुद्ध हँडबॉल दिला, चेंडू पोराच्या खांद्याला लागून गेला होता. व्हिडिओ बघून निर्णय बदलायची सोय आमच्या पायरीवर नाही. रेफ्रीनं जे पाहिलं तेच घडलं. न पाहिलेलं घडलंच नाही.

क्लबच्या चाहत्यांचा फोनवर एक ग्रुप होता, त्यात मीही होतो. भाषा हिंदी-इंग्रजीची खिचडी. सामना संपला की अर्ध्या तासात चित्रं सुरू व्हायची. व्हिडिओ थांबवायचा, लाल गोल काढायचा, रेघ मारायची, खाली शिव्या. सगळेच करायचे. रागाला दुसरी जागाच नव्हती. पत्र लिहिलं तर उत्तर येत नसे, मैदानात ओरडलं तर पोलीस बाहेर काढत. मग रात्रीच्या जेवणापर्यंत त्या चित्रांवर चर्चा करायची आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. एकानं लिहिलं होतं, आपण चाहते नाही, आपण साक्षीदार आहोत, पण खटलाच नाही.

त्या हँडबॉलच्या दिवशी मी चिडून नानांना ग्रुपमधलं चित्र दाखवत होतो. नानांनी चष्मा लावून बघितलं, फोन परत दिला आणि त्यांच्या आखाड्यातली रीत सांगितली.

त्यांच्या भागातल्या काही गावांत अशी पद्धत होती, की शेवटची मोठी कुस्ती झाली की पंचानं हरलेल्या पहिलवानाच्या पंगतीला जेवायला बसायचं. जिंकलेल्याकडं नाही. जिंकलेल्याकडं नारळ आहे, फेटा आहे, गाव आहे. पंचानं हरलेल्याच्या शेजारी बसायचं, त्याच्या घरचं खायचं. निकाल वादाचा असला तर जास्तच. नानांनी असे कितीतरी घास खाल्ले होते. एका गावात हरलेल्याच्या आईनं वाढताना त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही, भाकरी ताटात टाकली आणि गेली. कुणी वाईट बोललं नाही. पण ती भाकरी गिळायला फार वेळ लागला, म्हणाले. दुसऱ्या वर्षापासनं ते कुस्ती बघताना खाली मातीत गुडघे टेकून बघायला लागले. पाठ टेकली की नाही, ते उभ्यानं दिसत नाही.

मग त्यांनी मला विचारलं, हा तुमचा शिट्टीवाला सामना झाल्यावर जेवतो कुठं?

मला माहीत नव्हतं. हॉटेलवर जेवत असेल म्हणालो. पोलिसांच्या गाडीतनं जातात ते.

नानांनी मान हलवली, जणू सगळा घोळ तिथंच होता.

शेवटचा सामना आला. आमचा क्लब तळाच्या आसपास होता. बरोबरी झाली तरी लीगमध्ये राहणार होता, हरला तर खालच्या लीगमध्ये. धाकट्याचा करार एका वर्षाचा. कोचनं त्याला तोंडी सांगितलं होतं, राहिलो तर तू आणखी वर्षभर राहशील. न राहिलो तर क्लब निम्मी माणसं सोडणार हे उघड होतं. आणि सोडलेला बचावपटू, तोही बुडालेल्या क्लबाचा, त्याला कोण घेणार? धाकट्यानं आदल्या दिवशी फोन केला. दादा, उद्या बघू नको म्हणाला. तू बघितलास की मला इथं कळतं. मी म्हणालो, नाही बघत. दोघांनाही माहीत होतं की मी खोटं बोलतोय.

नानांनी मनावर घेतलं. त्या दिवशी मिलला सुट्टी होती. त्यांनी शेतावर भरीत ठेवलं. आमच्या मिलची सातआठ माणसं बोलावली. घरचा टीव्ही गोधडीत गुंडाळून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून शेतावर आणला, विहिरीजवळच्या खांबावरनं वीज घेतली आणि ट्रॉलीवरच तो उभा केला. अक्का ओरडत होत्या, की टीव्ही फुटला तर तुमच्या कुस्तीसकट घराबाहेर काढीन. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या काड्यांचा जाळ केला होता, त्यात वांगी भाजायला टाकली होती. अक्का आणि शेजारची एक बाई ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होत्या. मी माझ्या फोनचं इंटरनेट टीव्हीला जोडून दिलं. चार वाजता सामना सुरू झाला.

शेतावर नेट हळू. म्हणून टीव्हीवरचा सामना खऱ्या सामन्याच्या मिनिट-दीड मिनिट मागं चालायचा. हे मला पहिल्या दहा मिनिटांतच कळलं, कारण आमच्या गल्लीतला एक मित्र त्या शहरात नोकरीला होता, तो मैदानात गेला होता. त्याचा मेसेज आला, वाचलो रे, पोस्टला लागला. आणि इथं टीव्हीवर चेंडू अजून मध्यावर होता. मग सगळ्यांनी मुद्दाम बघितलं, आणि खरंच तो पोस्टला लागला. मिलचे लोक हसायला लागले. पहिलवानला आधीच कळतं म्हणाले, याला मटक्याचा आकडा विचारा. मी मित्राला लिहिलं, संपेपर्यंत काही कळवू नको, मला बघू दे.

कुणाचाच गोल झाला नाही. दुसरा अर्धा भाग फार लांब चालला. वांग्यांची सालं काढून झाली, हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, पातीचा कांदा सगळं लाकडी बडगीत कुटून झालं. अक्का ताटं मांडायला लागल्या. उन्हं कलली होती आणि टीव्हीवर चकाकी येत होती, म्हणून एकानं पोतं धरून सावली केली होती. धाकटा चांगला खेळत होता. मी बाजेच्या कडेला बसलो होतो, फोन मुठीत.

शेवटची पाचेक मिनिटं राहिली असतील आणि फोन वाजला. मित्राचा.

उचलायचं नाही असं ठरवलं आणि उचलला.

"दिली रं पेनल्टी," तो म्हणाला. "धाकट्यावर दिली." मागं लई आवाज होता. फोन कट झाला.

टीव्हीवर धाकटा थ्रो घेत होता. मोकळा, निवांत. शर्टाच्या कडेनं चेंडू पुसत होता.

मी सगळ्यांना सांगितलं. पेनल्टी दिलीय आपल्याविरुद्ध, भावावर दिलीय, आता दिसेल. पोतं धरलेल्यानं ते आणखी पुढं सरकवलं. नाना बाजेवरनं उठले आणि ट्रॉलीपाशी जाऊन उभे राहिले. मग खाली बसले, जमिनीवर गुडघे टेकून, टीव्हीच्या अगदी तोंडाशी.

"आते दखूत," ते म्हणाले.

आणि आम्ही बघत बसलो. असं बघणं मी आयुष्यात केलेलं नाही. शिक्षा माहीत होती, गुन्हा अजून व्हायचा होता. चेंडू आमच्या पोरांकडं आला. गेला. त्यांचा उजव्या बाजूचा पोरगा पळत आला, धाकटा त्याच्याबरोबर. मला वाटलं, आता. काही झालं नाही. चेंडू बाहेर गेला, पुन्हा आत आला. मनातल्या मनात मी त्याला सांगत होतो, हात मागं ठेव, हात मागं ठेव. ऐकू जात असल्यासारखं. आणि तो ठेवत होता. दोन्ही हात पाठीमागं धरून पळत होता, लहान पोरं मास्तरांसमोर उभी राहतात तसा. मग एक लांब क्रॉस आला. फारच लांब, सगळ्यांच्या डोक्यावरनं गेला. त्यांचा पोरगा आणि धाकटा शेजारीशेजारी पळाले, पोरगा पडला, चेंडू रेषेबाहेर गेला. आमचा गोलकीपर चेंडू आणायला निघाला. मला वाटलं, हे नव्हे, अजून पुढं असेल.

तेवढ्यात शिट्टी. रेफ्री मध्यरेषेपासनं चार पावलं पुढं होता. तिथनंच हात केला.

"हाऊ तं नुसता पडना," नाना म्हणाले, हा तर नुसताच पडला. त्यांनी मान वळवून आम्हा सगळ्यांकडं बघितलं, कुणाला काही वेगळं दिसलं का म्हणून. कुणालाच नव्हतं दिसलं. आम्ही सगळे ते पाहायला तयार बसलो होतो. धक्का असता तर सापडला असता. न सांगता बघितलं असतं तर कदाचित मीच म्हणालो असतो, चुकून लागला असेल धक्का. पण आम्ही झडती घेत होतो, आणि काही निघालं नाही.

टीव्हीवर आमची पोरं रेफ्रीभोवती गोळा झाली. धाकटा त्यात नव्हता. तो जिथं होता तिथंच उभा होता, हात अजून मागं.

आता खरी गोष्ट. त्यांचा पोरगा चेंडू ठेवत होता आणि मी फोनकडं बघत होतो. तिकडं पेनल्टी मारून झालेली होती. गोलकीपरनं अडवली असती तर मित्रानं फोन केला असता, ओरडला असता. फोन वाजत नव्हता. सगळे टीव्हीकडं बघत होते, त्यांना अजून आशा होती. मी एकटा फोनकडं बघत होतो, आणि मला कळलं होतं.

मग त्यांनाही दिसलं, चेंडू जाळीत.

पोतं धरणाऱ्यानं पोतं खाली सोडलं. कुणीतरी रेफ्रीच्या आईबहिणीवरनं सुरुवात केली आणि अक्का बघतायत म्हणून थांबला. एकानं म्हटलं, तक्रार करू, व्हिडिओ आहे की. मी म्हणालो, काही उपयोग नसतो. जाळ विझत आला होता. भरीत तसंच पडलं होतं, कुणाला जेवायला बस म्हणायचा धीर होईना. मी उठलो, मिलच्या खोलीवर जातो म्हणालो.

नानांनी माझा दंड धरला, मला ताटावर बसवलं, आणि माझ्या शेजारी स्वतः मांडी घातली. बाकीच्यांना समोर बसवलं, माझ्या बाजूला कुणालाच नाही.

"निकाल देनारा आठे नही शे," ते अक्कांना म्हणाले. "त्याना जागावर मी बठस. वाढ."

अक्कांनी वाढलं. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. मिलमधल्या दोघातिघांना ती रीत माहीत होती, त्यांनी माना खाली घातल्या. नानांनी मला समजावलं नाही, होईल बरं असंही म्हणाले नाहीत. नुसते घास घेत राहिले, फार हळू. त्यांना भूक नव्हती हे दिसत होतं. मी जेवेपर्यंत ते जेवले.

धाकट्यानं चार दिवस फोन उचलला नाही. क्लबनं तक्रार केली. उत्तर आलं की रेफ्रीचा मैदानावरचा निर्णय अंतिम असतो. पुढं ऐकलं की त्या रेफ्रीला पुढच्या हंगामात सामने मिळाले नाहीत. खरं-खोटं माहीत नाही. खरं असेल तर वाटतं, तोही कुठंतरी घरी बसला असेल, आणि त्यानं आमचं काहीच परत आलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते हे नाही. ग्रुपवर चित्रं आली. आमच्याच ग्रुपवर. व्हिडिओ थांबवलेला, लाल गोल काढलेला, पण रेफ्रीभोवती नाही. धाकट्याभोवती. त्या एका क्षणात पळताना त्याचा खांदा समोरच्याच्या पाठीला लागलेला दिसत होता. उजवा खांदा, वळताना खाली जातो तो. खाली लिहिलेलं, यानंच बुडवलं. मी लिहिलं की पूर्ण व्हिडिओ बघा, हात मागं आहेत. कुणीतरी विचारलं, तू कोण, वकील? मी ग्रुप सोडला. चित्र थांबवलं की कुणाचंही अंग कुणाच्यातरी अंगाला लागलेलंच असतं. हे आम्हाला वर्षभर आमच्या बाजूनं उपयोगी पडत होतं.

क्लबनं त्याला सोडलं. दुसऱ्या कुणी घेतलं नाही. दोन ठिकाणी चाचणीला गेला, एका ठिकाणी विचारलं म्हणे, तो पेनल्टीवाला तूच ना? उन्हाळ्यात तो माझ्याकडं जळगावला आला. हंगाम संपला की मी जळगावला पाइपच्या कारखान्यात असतो, तेही काम नानांच्याच ओळखीनं लागलं. पिंप्राळ्यात खोली आहे. घरी कोल्हापूरला जायला तो तयार नव्हता. गल्लीत त्याच्या नावाचा फ्लेक्सचा बोर्ड लागला होता, तो करार झाला तेव्हा. आईनं फोनवर सांगितलं की बोर्ड पोरांनी काढून ठेवलाय, नीट ठेवलाय, घडी घालून.

आता तो माझ्याबरोबर कारखान्यात येतो. मशीनमधनं निघालेले पाइप मोजून बांधतो. कॉलनीतली पोरं संध्याकाळी मोकळ्या प्लॉटवर प्लास्टिकचा चेंडू खेळतात, चेंडू त्याच्या पायाशी आला तर हातानं उचलून देतो.

पावसाळ्याआधी नाना मशीनचा एक भाग न्यायला जळगावला आले, तेव्हा खोलीवर आले. अक्कांनी मिरचीचा ठेचा आणि भाकरी बांधून दिल्या होत्या. नानांचे गुडघे आता दुखतात, तरी ते खालीच बसले, धाकट्याच्या शेजारी. त्याला ते धाकला पहिलवान म्हणतात. मी भाकरी वाढल्या. थोडं खाऊन झाल्यावर नानांनी सरळ विचारलं.

"तू ढकलं का त्याले?"

असं कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मला भीती वाटली, तो उठून जाईल. तो उठला नाही.

"आता मलाच कळंना झालंय, नाना," तो म्हणाला. "आधी वाटायचं, नाही. आता तो व्हिडिओ इतक्यांदा बघितलाय, वाटतंय की दिला असणार. खांद्याला कायतरी लागल्याचं आठवतंय आता. तेव्हा आठवत नव्हतं."

हे ऐकून मी भाकरी हातात घेऊन तसाच उभा राहिलो. नोकरी गेली, नाव गेलं, ते मला माहीत होतं. पण त्याचा स्वतःचा शब्दही गेला, हे मला त्या दिवशी कळलं. मी शेतावर बघितलं होतं, सातआठ माणसांसमोर, झडती घेतल्यासारखं. मी त्याला ते दहादा सांगितलंय. तो म्हणतो, दादा, तू माझा भाऊ आहेस, तुला नाहीच दिसणार.

नाना पाणी प्यायले.

"पंचले बी कदी कदी कळस नही," ते म्हणाले. "म्हनीसनच तो जेवाले बठस."

धाकट्यानं त्यांच्याकडं बघितलं आणि पुढचा घास घेतला. एवढंच. त्यानंतर काही बदललं असं नाही. तो अजूनही व्हिडिओ बघतो. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत भिंतीकडं तोंड करून बसतो, आणि मला त्याच्या पाठीवरनंच कळतं, बोट कुठं थांबलंय ते. माझ्याही फोनमध्ये तो व्हिडिओ आहे. मी पुसलेला नाही. एकच कॅमेरा, एकच बाजू, सरकीएवढी माणसं. कितीही वेळा बघितलं तरी रेफ्री मध्यरेषेपासनं चार पावलं पुढंच उभा असतो.

मी आता फुटबॉल बघत नाही असं लोकांना सांगतो. बघतो. वरच्या लीगचेही बघतो, जिथं व्हिडिओ बघून निर्णय बदलतात. तिथंही चाहते लाल गोल काढतच असतात. दहा कॅमेरे असले म्हणजे दहा बाजूंनी भांडण. कुठंच कुणी खाली उतरून, गुडघे टेकून बघत नाही, आणि बघितलं तरी नंतर कुणाशेजारी जेवायला बसत नाही.

जाताना नाना रिक्षात बसेपर्यंत मी सोडायला गेलो. त्यांना वर चढताना माझ्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. रिक्षात बसल्यावर ते म्हणाले, "एकदाव माले तुमनी कोल्हापूरनी तालीम दखाडी दे, बस." दुसरं त्यांनी माझ्याकडं कधी काही मागितलेलं नाही, आणि हेही हसत मागितलं, मिळणार नाही हे धरून.

कारण त्यांना माहीत आहे. मी घरी जाऊन फार दिवस झालेत. गेलो तर गल्ली विचारणार, धाकटा कसा आहे, आणि मला सांगता येणार नाही. तो यायला तयार नाही, त्याला सोडून मी जाऊ शकत नाही. आई फोनवर म्हणते, या रे, कुणी काही म्हणणार नाही. कुणी काही म्हणणार नाही, त्याचीच भीती आहे.

पण नानांना मी नेणार. गुडघे थकण्याआधी नेणार. त्यांना आमच्या पेठेतल्या तालमीच्या दारात उभं करीन, लाल मातीत हात घालू देईन, मग घरी आणीन. अक्का आणि आई समोरासमोर बसतील, एकमेकींची भाषा न कळता बोलतील. धाकटाही असेल, कसाही असो. आणि पंगत बसेल तेव्हा नानांना मी वाढणार नाही, ते काम आईचं. मी त्यांच्या शेजारी मांडी घालून बसेन, आणि त्यांचं जेवण होईपर्यंत उठणार नाही. कधी ते आज सांगता येत नाही. पण नाना, हे माझ्यावर आहे, आणि मी ते फेडीन.